वीस पाच म्हणा, पंचवीस म्हणा

(प्रभागसंघाच्या श्रावणातल्या मासिक बैठकीत जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी केलेलं भाषण. बाई जशा बोलल्या तसंच ठेवलं आहे.)



भांगलणीचे दिवस आहेत. हातातलं खुरपं खाली ठेवून तुम्ही इथं आलात, त्यामुळं मी लांबण लावणार नाही. अध्यक्षताईंनी मला सांगितलं होतं, "बाई, शिक्षणाचं महत्त्व यावर बोला." मी म्हटलं, ते महत्त्व तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतंय. नाहीतर गटातनं कर्ज काढून पोरांच्या वह्या-दप्तरं कुणी घेतली असती? मी दुसरंच बोलते. या आठवड्यात माझ्या वर्गात काय चाललंय ते सांगते. पहिली आणि दुसरी. दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात, म्हणजे एका भिंतीकडं तोंड करून पहिली आणि दुसऱ्या भिंतीकडं दुसरी, आणि मधे मी.

हा विषय का घेतला तेही सांगते. मागच्या सोमवारी शाळा सुटताना एक आई फाटकापाशी थांबली होती. तुमच्यातलीच आहे, एका गटाची सचिव आहे, नाव घेत नाही. तिचा मुलगा दुसरीत आहे. ती म्हणाली, "बाई, रागावू नका, पण तुम्ही पोरांना काय शिकवताय? काल त्याच्या आजोबांनी विचारलं, दोन आणि पाच मिळून लिहिलं तर किती? तर हे म्हणतंय, वीस पाच! आजोबा म्हणाले, वीस पाच ही काय भाषा हाय? पंचवीस म्हण. ते म्हणंना. मग एक पाठीत बसली. आता घरात कुणी आकडा विचारला की ते उठून बाहेर जातंय."

मी म्हटलं, वर्गातही तेच झालंय. हे पोरगं आधी हात वर करून करून दमायचं. चार दिवस झाले, गणिताच्या तासाला ते खिडकीबाहेर बघत बसलंय. मला कारण कळत नव्हतं. ते तिनं सांगितलं.

मग ती जे बोलली ते मला जास्त लागलं. "घरात चाललंय की याला काढून इंग्लिश शाळेत घालायचं. गाडी दारात येती. निदान तिथं ट्वेंटी फाइव्ह तरी म्हणंल." आता गंमत बघा. ट्वेंटी म्हणजे वीस, फाइव्ह म्हणजे पाच. म्हणजे वीस पाच म्हणतंय म्हणून मार, आणि तेच वीस पाच इंग्रजीत म्हणायला शिकावं म्हणून महिन्याची फी आणि गाडीभाडं! हे मी तिला बोलले नाही, कारण तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आज बोलते, कारण आज ती समोर बसून हसतेय.

तर, वर्गात काय चाललंय?

सोमवारी मी पोरांना तुरीच्या काड्या आणायला सांगितल्या होत्या. कुणी तुरीच्या आणल्या, कुणी खराट्याच्या, एकानं आईच्या नकळत अगरबत्त्या आणल्या. सगळ्या काड्यांचा ढीग केला आणि दुसरीच्या पोरांना म्हटलं, मोजा. एक, दोन, तीन करत मोजायला लागली. मोजता मोजता कुणीतरी शिंकलं, कुणी कुणाला ढकललं, आकडा विसरला, पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा असं झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, दहा-दहाच्या पेंढ्या बांधूया की." मी याच वाक्याची वाट बघत होते. ते मी सांगितलं असतं तर फुकट गेलं असतं. तिनं भाताच्या पेंढ्या बांधताना बघितलंय, म्हणून तिला सुचलं.

दहा काड्यांची एक पेंढी, रबर लावून. तिला आम्ही दशक म्हणतो. जी पेंढीत मावली नाही ती सुटी काडी, तिला एकक म्हणतो. दोन पेंढ्या आणि पाच सुट्या. पेंढ्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. आता फळ्यावर लिहा: पेंढ्यांच्या खाली २, सुट्यांच्या खाली ५. वाचा: दोन पेंढ्या म्हणजे वीस, आणि पाच. वीस पाच. मग मी सांगते, याला आपण सगळे पंचवीस म्हणतो. पोरं दोन्ही म्हणतात. एवढंच आहे बघा. त्या घरी जे भांडण झालं ते एवढ्यावरनं झालं.

आता तुम्ही म्हणाल, पहिल्यापासून पंचवीसच का शिकवत नाही? आम्ही काय शिकलो नाही का? शिकलो की. मीही तसंच शिकले. पण जरा कान देऊन ऐका, आपण म्हणतो काय ते. पंच-वीस. आधी पाच, मग वीस. बत्तीस, आधी दोन, मग तीस. पासष्ट, आधी पाच, मग साठ. बोलताना सुटं आधी येतं आणि पेंढी मागनं येते. लिहिताना मात्र पेंढी आधी आणि सुटं मागनं. सहा-सात वर्षांच्या पोराला तुम्ही म्हणता, लिही पंचवीस. त्याच्या कानाला पाच आधी लागतं, ते ५ लिहितं, मग वीसचा २ लिहितं. झाले ५२. आपण म्हणतो, चुकलास, मठ्ठ. ते मठ्ठ नाही. त्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं. उलटी आपली भाषा आहे.

आणि आपल्या गावाचंच नाव घ्या. बत्तीस शिराळा. बत्तीस गावांचं शिराळं म्हणून बत्तीस शिराळा, असं जुनी माणसं सांगतात. माझ्या वर्गात एका मुलीनं पत्ता लिहिला, तो '२३ शिराळा' असा. नऊ गावं कमी केली तिनं! मी तिला पेंढ्या मांडायला लावल्या, मग तिचं तिलाच हसू आलं. त्यावर मागं बसलेला एक म्हणाला, "बाई, मग आता तीस दोन शिराळा म्हणायचं का?" नाही रे बाबा. गावाचं नाव बत्तीस शिराळाच राहणार. पण लिहिताना तीस दोन डोक्यात असलं, की ३२ बरोबर लिहिलं जातं.

याच्या पुढं आणखी एक अवघड जागा आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. एकोण म्हणजे एक उणा. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. कानाला 'साठ' ऐकू येतं आणि लिहायचं असतं पन्नासाच्या घरातलं. पोराला साठ ऐकू आलं की ते ६ लिहितं. मोठ्यांचंही होतं. आमच्या शेजारच्या एका गटात झालेली गोष्ट सांगते, गट कुठला ते विचारू नका. एका बाईचं अंतर्गत कर्ज २,९५० रुपये राहिलं होतं, महिना दोन टक्के व्याज, म्हणजे ५९ रुपये. तिनं पैसे दिले आणि तोंडानं सांगितलं, एकोणसाठ. लिहायला बसलेल्या नव्या पोरीनं लिहिले ६९. शेवटी रोकड मोजली तर दहा रुपये कमी. पुन्हा मोजली, पुन्हा दहा कमी. आता दहा रुपयांचं काय एवढं, पण गटात पैशाचा प्रश्न आला की तो दहाचा राहत नाही. कोषाध्यक्ष बाईनं पदरचे दहा घातले आणि घरी जाऊन रडली, कारण दोघी-तिघी तिच्याकडं बघून काहीतरी कुजबुजल्या होत्या. दोन महिने तिनं कुणाशी धड बोलणं ठेवलं नाही. पुढं पासबुकं ताडून बघताना ती नोंद सापडली. दोन महिन्यांची अढी, आणि कारण काय, तर एकोणसाठ!

ती लिहिणारी पोरगी बारावी झालेली आहे. तिला अक्कल नाही असं नव्हे. लहानपणी तिला पाठ करायला लावलं, मांडून कुणी दाखवलं नाही.

हे 'वीस पाच' माझ्या डोक्यातनं आलेलं नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीच्या गणिताचं पुस्तक आलं, त्यात संख्या वाचायची ही रीत होती. तुमच्यातल्या काहींना तो गदारोळ आठवत असेल. टीव्हीवर, पेपरात, विधानसभेत, सगळीकडं चेष्टा चालली होती. मराठीची वाट लावली म्हणून बोंब झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. स्वतः मोठ्या गणिती होत्या, आणि लहान मुलांना गणित शिकवायची त्यांना मनापासून आवड होती. २०२३ साली त्या गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलांना जोडाक्षरं अजून यायची असतात, आणि आपण त्यांना त्रेसष्ट, त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी म्हणायला लावतो. बोलण्यात एक क्रम, लिहिण्यात दुसरा. त्यातनं मुलं गोंधळतात आणि गणिताला भितात. म्हणून ही सोपी वाट. आणि जुनी नावं पुस्तकातनं काढलेली नव्हती बरं का, दोन्ही दिली होती. चेष्टा करणाऱ्यांनी तेवढं पान उलटून बघितलं नाही, असं माझं मत आहे.

लांबचं कशाला, आपल्याच सांगली जिल्ह्यात जतकडं जा. तिकडं घराघरांत कानडी बोलतात. कानडीत वीस म्हणजे इप्पत्तु, पाच म्हणजे ऐदु, आणि पंचवीस म्हणजे इप्पत्तैदु. वीस पाचच की! तमिळ, तेलुगूतही तसंच. हिंदीत मात्र आपल्यासारखं उलटं, पच्चीस. आणि लांबचंच हवं असेल तर युरोपात नॉर्वे नावाचा देश आहे. तिथंही आपल्यासारखं 'पाच आणि वीस' म्हणायचे. टेलिफोन आले, नंबर सांगताना आणि ऐकताना घोळ व्हायला लागले, तेव्हा त्यांनी संसदेत ठरवून १९५१ सालापासून 'वीस पाच' म्हणायला सुरुवात केली. सरकारनं ठरवलं म्हणून सगळ्यांनी लगेच बदललं असं नाही. म्हातारी माणसं जुनंच बोलत राहिली. माणसं सगळीकडं सारखीच असतात.

आता माझं मत विचाराल तर मी काही जुनं टाकून द्या म्हणणारी नाही. बाजारात भाजीवाली वीस पाच म्हणणार नाही, कंडक्टर म्हणणार नाही, रेशनच्या दुकानात म्हणणार नाहीत. पोराला पंचवीस, पासष्ट, शहाण्णव ऐकल्याबरोबर कळलंच पाहिजे, नाहीतर ते बाजारात फसेल. तो शब्द त्याला घरात मिळतो. तुम्ही दिवसभर बोलता त्यातनं मिळतो. शाळेनं पेंढ्या दाखवायच्या आणि घरानं नावं द्यायची. एवढंच की पोरगं घरी वीस पाच म्हणालं तर "चूक" म्हणू नका. म्हणा, "बरोबर, वीस पाच. त्यालाच आम्ही पंचवीस म्हणतो." पाठीत धपाटा घालण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो.

आणखी एक सांगते. माझी आज्जी शाळेत गेलेली नव्हती. ती शेण्या विसांत मोजायची. एक वीस झाली की एक खडा बाजूला. शेवटी खडे मोजून सांगायची, "तीन विसा वर पाच." म्हणजे पासष्ट. बघा, मोठं आधी आणि सुटं मागनं! तिनं पासष्ट शब्द न वापरता पासष्ट मोजले, आणि एक शेणी कुणी इकडची तिकडं केली असती तर तिला कळलं असतं. आम्ही वर्गात दहाची पेंढी करतो, ती विसाची करायची. फरक तेवढाच. तेव्हा 'वीस पाच ही काय भाषा हाय' म्हणणाऱ्यांना सांगा, ही तुमच्या आज्जीचीच भाषा आहे.

आणि शंभराच्या वर गेलं की आपली मराठीसुद्धा सरळ होते. दोनशे पंचवीस. आधी दोनशे, मोठं. मग पंचवीस म्हणताना पुन्हा उलटी. पोरांनी करायचं तरी काय?

पहिलीचं थोडक्यात सांगते, कारण तिथं या आठवड्यात गणितापेक्षा भाषा जास्त चालली आहे. हल्ली अ, आ, इ, ई अशी सगळी पट्टी पाठ करून मग शब्दांकडं जात नाही. थोडी अक्षरं घ्यायची, त्यांना काना लावायचा आणि लगेच शब्द करायचे. तुम्ही घरी विचारता, "ज्ञ पर्यंत झालं का?" नाही झालं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तुमचं पोरगं 'मामा', 'नाग', 'गाजर' वाचतंय का ते विचारा.

आता नाग म्हटल्यावर आमच्या वर्गात काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. नागपंचमी तोंडावर आलेली, आणि शिराळ्याची पोरं! न ला काना ना, आणि ग. दोनच अक्षरं. अख्खा फळा नागांनी भरला. एकानं फण्यावर दहाचा आकडा काढला. मग गोष्टी सुरू झाल्या. माझ्या आजोबांनी नाग धरला होता, माझ्या पप्पांनी मिरवणुकीत बघितला होता. आता वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचा आदेश यामुळं पहिल्यासारखं जिवंत नाग धरून पुजणं बंद झालंय, त्यावर प्रत्येक घरात वेगळं मत आहे. त्यात मी पडत नाही. पण पोरं बोलत होती तेव्हा मी एक गोष्ट साधून घेतली. फळ्यावर चार नावं लिहिली: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. हे चार आपल्याकडचे मुख्य विषारी साप. आणि साप चावला तर काय करायचं ते पोरांकडनं नाटक करून घेतलं. एक चावलेला, बाकीचे घरातले. चावलेल्यानं पळायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळून बांधायची नाही. मांत्रिकाकडं वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. सापाच्या विषावर औषध आहे, पण ते वेळेत टोचावं लागतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि फारसं दुखतही नाही, म्हणून तिचं जास्त भय. तुम्ही भातात वाकून भांगलता, हे तुमच्यासाठीही आहे. पहिलीतल्या ज्या मुलीनं नाटकात आईचं काम केलं, तिला फोन लावताना १०८ चा आकडा ओळखता आला. एक, शून्य, आठ. मी त्या दिवशीचा तास वाया गेला असं धरत नाही.

आता तुम्ही घरी काय करायचं, हे मला नेहमी विचारतात. अभ्यास घेता येत नाही, आम्ही कमी शिकलोय, असं म्हणतात. मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या बैठकीत जे चालतं ते दुसरीचं गणितच आहे. बचतीचे पैसे गोळा होतात तेव्हा दहाच्या नोटा एका बाजूला, सुटी नाणी एका बाजूला लावता ना? तेवढं काम पोराच्या हातात द्या. दहाच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी. किती? ते चाळीस तीन म्हणेल. तुम्ही म्हणा, त्रेचाळीस. ते वहीत लिहील ४३. दहा नाणी झाली की एक नोट घ्यायची, हे ते स्वतःच म्हणेल, आणि ज्याला आम्ही हातचा म्हणतो तो त्याला तिथंच कळेल. यासाठी शिकलेलं असायला नको. फक्त ते मोजत असताना मधे बोलू नका, मोबाईलही देऊ नका. चुकू द्या. पुन्हा मोजायला सांगा.

चिंचोके, मका, शेंगा, काहीही चालतं. पावसाळ्यात पोरं घरात उच्छाद मांडतात, तेव्हा एका ताटात मूठभर मक्याचे दाणे टाका आणि म्हणा, दहा-दहाचे ढीग कर. तुमच्या दोन भाकरी तेवढ्यात होतात.

आणि जरा शाळेतही या. तक्रार करायलाच असं नाही. काहींना आठवत असेल, २०२२ साली 'पहिले पाऊल' म्हणून मेळावे झाले होते, पहिलीत येणाऱ्या पोरांचे. तेव्हा वाडीवाडीत मातांचे गट केले होते, त्यातल्या एकीला लीडर माता म्हणायचे, आणि दर आठवड्याला घरी करून घ्यायच्या गमतींची कार्डं असायची. काही गावांत ते गट टिकले, काही ठिकाणी भाताच्या लावणीबरोबर वाहून गेले. तुमचे बचत गट तर दर आठवड्याला किंवा महिन्याला बसतातच. पंचसूत्री तुम्ही पाळताच. त्या बैठकीत पाच मिनिटं पोरांची काढली तर वेगळा गट करायची गरजच नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायला पाहिजेत असा २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तीन चतुर्थांश पालक, आणि एकूणात निम्म्या महिला. तुमच्या शाळेत त्या निम्म्या कोण आहेत, त्यांची नावं माहीत आहेत का? का फक्त सहीला बोलावतात? हे विचारा. रागानं नको, पण विचारा.

सरकारनं आमच्यापुढं जे ठेवलंय तेही तुम्हाला माहीत असू द्या, म्हणजे आम्हाला विचारता येईल. निपुण भारत म्हणून २०२१ साली सुरू झालं. त्यात धरलंय की पहिली संपताना पोराला ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरी संपताना ९९९ पर्यंत, तिसरी संपताना ९९९९ पर्यंत. आणि तिसरीपर्यंत प्रत्येकाला समजून वाचता आलं पाहिजे. वार्षिक निकालाच्या कागदावर श्रेणी काय आहे ते बघण्यापेक्षा हे करून बघा: लाईटबिल पुढं ठेवा आणि रक्कम वाचायला सांगा. मग काय आहे ते तुमचं तुम्हाला कळेल. नाही आलं तर पोराला बोलू नका, माझ्याकडं या. दोन वर्ग एका खोलीत असले की एखादं पोरगं माझ्या नजरेतनं सुटतं, हे मी कबूल करते. हे खिडकीबाहेर बघणारं पोरगंसुद्धा चार दिवस सुटलंच होतं. त्याची आई फाटकापाशी थांबली नसती तर आणखी किती दिवस गेले असते कोण जाणे.

त्याचं पुढं काय झालं ते सांगून थांबते.

बुधवारी मी त्यांच्या घरी गेले. आजोबा सोप्यात बसले होते. मी आकड्यांचा विषयच काढला नाही. म्हटलं, दादा, तुमच्या वेळी शाळेत काय काय पाठ असायचं? झालं, दादा सुरू झाले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. धडाधड म्हणून दाखवलं. मग मापं: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. पोरगं दाराआड उभं राहून ऐकत होतं. ते हळूच म्हणालं, "दादा, मग एका पायलीत चिपटी किती?" दादा बोटं मोजायला लागले. तोवर या बहाद्दरानं कोपऱ्यातनं मक्याचे दाणे आणून चार-चारच्या ढिगाऱ्या मांडल्या. चार शेर, प्रत्येकी चार चिपटी. मोजली. "दहा सहा," म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं, आजोबांकडं बघितलं, आणि म्हणाला, "म्हणजे सोळा."

आजोबा काही बोलले नाहीत. नुसतं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. मी निघताना मात्र दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बाई, शनिवारी मी येऊ का शाळेत? पोरांना दिडकी शिकवतो." मी म्हटलं, या की. तर विचारतात, "का औटकीपर्यंत पाहिजे?" औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा, मैत्रिणींनो. मलासुद्धा येत नाही. तेव्हा शनिवारी पहिली-दुसरीबरोबर मीही शिकायला बसणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी साडेनऊला या, आणि येताना मूठभर चिंचोके घेऊन या.